अल्ट्राफास्ट लॅबमधे यायचंय? मग हे एकदा वाचून घ्या

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, केमिस्ट्री. म्हणाली मामा, मला पण तुझ्यासारखं लेझरचं काहीतरी करायचंय. अर्धा तास बोललो तेव्हा लक्षात आलं की तिच्या डोक्यात चित्र असं आहे की आम्ही लोक काळा चष्मा घालतो, बटण दाबतो आणि रेणू तुटताना समोर पडद्यावर दिसतो. तिचा दोष नाही, आमच्या फील्डची लोकंच बाहेर भाषण देताना असं सांगतात. तिला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितोय, अजून कोणाला उपयोग झाला तर चांगलंच.

माझं थोडक्यात सांगतो. मूळ सांगली जिल्हा, वडील एसटीत मेकॅनिक, बीएस्सी गावाजवळच्या कॉलेजात, एमएस्सी पुणे विद्यापीठात फिजिकल केमिस्ट्री घेऊन, मग २०११ ते २०१७ मुंबईत पीएचडी, मग तीन वर्षं जर्मनीत पोस्टडॉक, आणि आता पुण्यात एका कंपनीत. प्रोफेसर झालो नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी फेमटोसेकंद म्हणजे काय ते, कारण अल्ट्राफास्ट म्हणतात तो सगळा खेळ त्याचाच आहे. एका सेकंदाचे हजार लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. असं सांगून काही कळत नाही माहितीये, म्हणून नेहमीचा हिशोब देतो, एका सेकंदाच्या पुढे एक फेमटोसेकंद जेवढा, तेवढाच सव्वातीन कोटी वर्षांहून जरा कमी काळापुढे एक सेकंद. एवढ्या वेळात प्रकाश ०.३ मायक्रॉन जातो, म्हणजे केसाची जाडीसुद्धा ओलांडत नाही. आणि रेणू नेमके ह्याच वेगात जगतात. पाण्यातला ओ-एच बंध एकदा आत-बाहेर व्हायला साधारण १० फेमटोसेकंद घेतो. तुम्ही आत्ता हे वाचताय त्यासाठी डोळ्यातल्या रेटिनल नावाच्या रेणूला वळावं लागतं, ते वळणं २०० फेमटोसेकंदात उरकतं, १९९१ मधे बर्कलीच्या लोकांनी मोजलं ते. मी एमएस्सीला हे पहिल्यांदा ऐकलं आणि तिथेच फसलो.

आता एवढ्या वेगाचा कुठलाच कॅमेरा नाही, कुठलंच इलेक्ट्रॉनिक्स तिथे पोचत नाही, मग मोजतात कसं? मी वडिलांना असं समजावलं होतं: एकाच डेपोतून एकाच क्षणी दोन गाड्या सोडायच्या, एक सरळ जाणार, दुसरी वाटेत एका गावाला वळसा घालून येणार, वळसा किती किलोमीटरचा ते माहीत असलं की दुसरी किती उशिरा येणार ते घड्याळ न बघता सांगता येतं. लेझरच्या पल्सचे, म्हणजे प्रकाशाच्या एका क्षणिक झोताचे, दोन भाग करायचे, पहिला पंप, तो रेणूला उठवतो, दुसरा प्रोब, तो नंतर येऊन बघतो की रेणूचं काय चाललंय. प्रोबचा रस्ता लांब-आखूड करायला एक सरकता आरसा असतो, त्याला डिले स्टेज म्हणतात. आरसा १ मायक्रॉन मागे सरकवला की जाऊन-येऊन २ मायक्रॉन, म्हणजे साधारण ६.७ फेमटोसेकंद उशीर. १५ सेंटीमीटर सरकवला की एक नॅनोसेकंद. बस. वेळ मोजायचाच नाही, अंतर मोजायचं. वडिलांना पटलं, फक्त त्यांनी विचारलं की मग एवढे पैसे कशाला लागतात.

कल्पना तशी जुनी आहे. नॉरिश आणि पोर्टर ह्यांनी १९४९ मधे फ्लॅशच्या दिव्याने हेच केलं, फक्त मायक्रोसेकंदात. पोर्टर महायुद्धात ब्रिटिश नौदलात रडारवर काम करत होता, पल्सचा विचार तिथून डोक्यात आलेला. मग १९६० ला लेझर आला, पल्स छोट्या छोट्या होत गेल्या, आणि १९८७ मधे कॅलटेकला अहमद झेवैलच्या ग्रुपने आयोडीन सायनाइडचा बंध तुटताना पाहिला, सुमारे २०० फेमटोसेकंद. १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं. झेवैल इजिप्तमधल्या दमनहूरचा, अलेक्झांड्रियात एमएस्सीपर्यंत शिकून अमेरिकेत गेलेला, १९७४ ला पेन्सिल्व्हेनियातून पीएचडी, बर्कलीला पोस्टडॉक, १९७६ ला कॅलटेक. आमच्यासारख्या छोट्या गावातल्या लोकांना हा माणूस जवळचा वाटतो त्याचं कारण हे. पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडतं ते वेगळंच, नोबेल मिळाल्यावर स्वस्थ बसायचं सोडून हा माणूस प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या पल्स वापरून मायक्रोस्कोप बनवायच्या मागे लागला, म्हणजे परत शून्यापासून अलाइनमेंट. वेडच लागतं ते.

आता लॅबमधला दिवस. ह्याबद्दल जास्त लिहितो कारण ह्याबद्दल कोणी लिहीत नाही.

सकाळी आलो की पहिलं काम रसायनाचं नसतंच. चिलरचं पाणी बघायचं, खोलीचं तापमान बघायचं, ह्युमिडिटी बघायची. मुंबईत जून ते सप्टेंबर हे तिसरं काम म्हणजे स्वतंत्र नोकरीच. एक मीटर स्टील एका डिग्रीने तापलं की १०-१२ मायक्रॉन वाढतं, प्रकाशाच्या हिशोबात ३०-४० फेमटोसेकंद, म्हणजे दुपारी एसीने मान टाकली की तुमचा 'वेळ शून्य', म्हणजे पंप आणि प्रोब एकाच क्षणी पोचतात ती आरशाची जागा, सरकायला लागतो आणि तुम्हाला वाटतं रेणूने काहीतरी नवीन केलं. मग लेझर चालू करायचा. आमच्याकडे नेहमीचाच संच होता, टाय-सफायर ऑसिलेटर, म्हणजे छोट्या पल्स तयार करणारा लेझर, त्याच्यापुढे त्या वाढवणारा अॅम्प्लिफायर, ८०० नॅनोमीटर, सेकंदाला १००० पल्स. हा अॅम्प्लिफायर ज्या युक्तीवर चालतो, म्हणजे पल्स आधी ताणायची, मग वाढवायची, मग परत दाबायची, ती डोना स्ट्रिकलंडने १९८५ मधे पीएचडी करताना तिच्या गाईडबरोबर, जेरार मुरूसरांबरोबर केली, १.४ किलोमीटर फायबर वापरून, आणि त्याचं नोबेल २०१८ ला आलं. थेट न वाढवता आधी ताणायची कशाला, तर नाहीतर पल्स इतकी तीव्र होते की स्वतःच्याच लेझरचा क्रिस्टल फोडते. आमच्याकडे फुटलाय एकदा. मी नव्हतो तेव्हा खोलीत, हे मी अजूनही आवर्जून सांगतो.

लेझर तासभर तापून स्थिर झाला की अलाइनमेंट. दोन छोट्या भोकांमधून बीम नेमका जातोय का बघायचं, नसेल जात तर दोन आरशांचे स्क्रू फिरवायचे, पहिल्याने जवळचं भोक, दुसऱ्याने लांबचं, परत पहिल्याने जवळचं. नवीन माणसाला ह्यात आठवडा जातो, जुन्याला दहा मिनिटं, आणि जुना माणूस हे शब्दात सांगू शकत नाही, सायकल शिकवण्यासारखं आहे. त्यानंतर बीमचा थोडासा भाग २-३ मिलिमीटरच्या सफायरच्या चकतीत फोकस करायचा आणि पॉवर हळूहळू वाढवत न्यायची, आणि एका क्षणी लाल ठिपक्याचा एकदम पांढरा प्रकाश होतो, कागदावर कडेला इंद्रधनुष्यासारखी कड दिसते. हजारवेळा बघितलंय, दरवेळी बरं वाटतं. हाच पांढरा प्रकाश आपला प्रोब.

मग पंप आणि प्रोब सँपलमधे एकाच जागी आणायचे, एकाच वेळी आणायचे, आणि चॉपर नावाचा फिरता पंखा पंपची एक पल्स सोडून एक अडवतो, म्हणजे पंप असताना आणि नसताना दोन्हीचा फरक मिळतो. फरक किती, तर चांगला सिग्नल म्हणजे १ मिली-ओडी, प्रकाशात ०.२३ टक्के बदल. त्याच्याही दहावा भाग बघायचा असतो कित्येकदा. एवढं सगळं जमेपर्यंत दुपारचे तीन, मग रात्री अकरापर्यंत डेटा, कारण लेझर चांगला चालतोय तोवर सोडवत नाही. कॅन्टीन साडेआठला बंद. डब्यात चकली ठेवा.

आता माझी फजिती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका डायच्या (रंगद्रव्याच्या) सोल्युशनमधे मला झकास सिग्नल मिळाला, वेळ शून्यापाशी एकदम उसळी, ८०-९० फेमटोसेकंदात खाली. मी दोन दिवस झोपलो नाही, फिट केलं, ग्राफ रंगवले, गाईडना दाखवायला पीपीटी केली, शेवटच्या स्लाइडवर 'नवीन अतिवेगवान मार्ग' असं काहीतरी. जाण्याआधी शेजारच्या टेबलवरच्या सिनियरला दाखवलं. तो चहा पीत होता, ग्राफकडे नीट बघितलं पण नाही, म्हणाला, "डाय न घालता नुसतं सॉल्व्हंट घालून रन कर." केलं. तोच सिग्नल. तस्साच, उसळी आणि सगळं. पंप आणि प्रोब एकाच वेळी काचेत आणि सॉल्व्हंटमधे भेटले की ते दोघंच एकमेकांशी खेळतात, रेणूचा संबंध नाही, त्याला कोहेरंट आर्टिफॅक्ट म्हणतात आणि प्रत्येक नवीन पोरगा एकदा तरी त्याच्या प्रेमात पडतोच. पीपीटी डिलीट केली.

तेव्हापासून ज्युनियरना मी तीन कामं सांगतो, सिग्नल दिसल्यावर आनंद व्हायच्या आधी करायची. नुसतं सॉल्व्हंट रन करा. पंपची पॉवर अर्धी करून बघा, सिग्नल बरोबर अर्धा झाला नाही, किंवा त्याचा वेळ बदलला, तर तुम्ही रेणूला इतका मारा करताय की एकेक रेणू दोनदोन फोटॉन खातोय, किंवा शेजारी-शेजारी उठलेले रेणू एकमेकांना विझवतायत. आणि रन झाल्यावर सँपलचा साधा स्पेक्ट्रम परत काढा, आधीसारखा आला नाही तर तुमचं सँपल भाजून निघालंय. ह्यातलं काहीच हुशारीचं नाही. पण पेपरचे रिव्ह्यूअर पहिले प्रश्न हेच विचारतात, आणि तेव्हा लेझर बिघडलेला असतो.

अजून एक, काच. १० फेमटोसेकंदाची पल्स १ सेंटीमीटर जाड साध्या बीके-७ काचेतून गेली की ८०० नॅनोमीटरला ती पसरून १२० च्या पुढे जाते, आणि १०० फेमटोसेकंदाची पल्स त्याच काचेतून जवळपास तशीच बाहेर येते. म्हणजे पल्स जितकी छोटी तितकी नाजूक, कारण छोट्या पल्समधे रंग जास्त असतात आणि काचेत निळा लालपेक्षा मागे पडतो. त्यामुळे 'आमच्याकडे १० फेमटोसेकंदाचा लेझर आहे' असं कोणी सांगितलं तर विचारा, सँपलपाशी किती? तिथे मोजलंय का?

डोळ्यांबद्दल गंभीरपणे लिहितो. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला अगदी फिकट लाल दिसतो, म्हणून वाटतं काही नाही, मंद आहे, आणि असतो क्लास ४ चा, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गातला लेझर, रेटिनावर एकदा पडला की ती जागा गेली. टेबलच्या उंचीला डोळे कधी आणायचे नाहीत, खाली पडलेला स्क्रू उचलायचा असेल तर टेबलकडे पाठ करून, डोळे मिटून वाका. घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर, आमच्या दाराशी एक स्टीलची वाटी ठेवलेली असायची त्यात सगळे काढून ठेवायचे. मिशिगन विद्यापीठात १९९३ मधे एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असाच बीम गेला, डॉक्टरने तपासलं तर रेटिनावरच्या जखमा इतक्या बारीक आणि नेटक्या की त्याला नवल वाटलं, आणि त्यातून पुढे ब्लेड न लावता फेमटोसेकंद लेझरने करायची लॅसिक आली. गोष्ट छान आहे, चष्मा गेलेले लोक दुवा देतात, पण ती जखम आपली नसावी.

प्रवेशाचं पटकन सांगतो कारण ह्याची माहिती सगळीकडे आहे. एमएस्सीसाठी जॅम द्या, पीएचडीसाठी नेट-जेआरएफ किंवा गेट, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा वेगळी. फिजिकल केमिस्ट्रीत क्वांटम आणि स्पेक्ट्रोस्कोपी पक्की करा, ऑप्टिक्स फिजिक्सवाल्या मित्राकडून शिका, आणि पायथन शिका, खरंच शिका, कारण डेटा रोज काही गिगाबाइट येतो आणि एक्सेल रडतं. मुंबईत टीआयएफआर, बीएआरसी, आयआयटी, पुण्यात पाषाणला आयसर आणि एनसीएल, बंगळुरूला आयआयएससी, कोलकात्याला आयएसीएस, कानपूरची आयआयटी, ही नावं बघायला सुरुवात करा, पण संस्थेच्या नावावर जाऊ नका, लॅब बघा.

पैसा. मी लागलो तेव्हा जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांची फेलोशिप, महिन्याला १६ हजार होती, २०१४ ला २५ झाली, २०१९ ला ३१, २०२३ पासून ३७ हजार आणि नंतरच्या वर्षांच्या एसआरएफला ४२, वर घरभाडं. आकडे बरे दिसतात, फक्त वेळेवर येतील असं धरून चालू नका. माझी फेलोशिप एकदा सात महिने अडकली होती, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईना, आणि तेवढ्यात बहिणीचं लग्न. पहिल्या वर्षीच थोडे बाजूला टाका. इंजिनियरिंगला गेलेल्या वर्गमित्रांच्या गाड्या-फ्लॅटचे फोटो बघायचे नाहीत हा वेगळा अभ्यास.

लॅब निवडताना गाईडच्या पेपरची यादी सगळेच बघतात. मी सांगतो लॉगबुक बघा. एक दिवस जाऊन बसा, विद्यार्थ्यांशी बोला, विचारा की मागच्या वर्षात लेझर किती दिवस बंद होता आणि बंद पडल्यावर कोणी उघडला. माझा पंप लेझर चौथ्या वर्षी गेला, पार्ट बाहेरून यायचा, कस्टममधे अडकला, इंजिनियरची तारीख मिळेना, पाच महिने नुसतं बसून. त्या पाच महिन्यांत मी दोन गोष्टी केल्या, जुन्या डेटाचं ग्लोबल अॅनालिसिस, म्हणजे सगळ्या रंगांचा डेटा एकत्र फिट करणं, शिकलो आणि शेजारच्या ग्रुपच्या नॅनोसेकंदाच्या सेटअपवर हात मारला, त्यातून थिसिसचा एक अख्खा चॅप्टर निघाला. ज्या लॅबमधे शेजारच्या टेबलावर जायला बंदी असते तिथे हे झालं नसतं, आणि अशा लॅब आहेत. अजून एक बघा, आयुष्यभर नुसते रेणू बदलून-बदलून तेच मोजणं चाललंय का, की प्रश्न खरंच रसायनाचा आहे. यंत्र भारी आणि प्रश्न फुसका असे थिसिस आमच्या फील्डमधे ढिगाने आहेत. माझाही एक चॅप्टर तसलाच आहे, कुठला ते सांगणार नाही.

जर्मनीत गेलो २०१८ ला. कामाच्या बाबतीत तिकडचा मोठा फरक एकच वाटला, लॅबला स्वतःचा टेक्निशियन आणि वर्कशॉप होतं, आरसा धरायचा माऊंट हवा असेल तर चित्र काढून द्यायचं, दोन दिवसांत हातात. आणि रविवारी लॅबमधे दिसलो तर लोक काळजीने विचारायचे की घरी सगळं ठीक ना. थंडीचं विशेष वाटलं नाही, लेझर लॅबला खिडकी नसतेच, बाहेर बर्फ आहे का पाऊस ते संध्याकाळी कळायचं. २०१९ मधे एकदा हॅम्बर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल नावाच्या प्रचंड एक्स-रे लेझरवर मदतनीस म्हणून गेलो, ३.४ किलोमीटरचा बोगदा आणि एक्स-रेच्या फेमटोसेकंद पल्स. तिथे वेळ मिळणं म्हणजे लॉटरी, आणि मिळाल्यावर बारा-बारा तासांच्या पाळ्या. माझी रात्रपाळी. पहाटे चारला पंप लेझर आणि एक्स-रे एका वेळी येतायत का ते शोधत होतो आम्ही सातजण, आणि तेव्हा मला जाणवलं की एवढ्या मोठ्या यंत्रापाशी येऊन पण मी तेच करतोय, वेळ शून्य कुठंय ते शोधतोय.

मग प्रोफेसर का नाही? अर्ज केले, नऊ. दोन ठिकाणी मुलाखत. एका ठिकाणी विचारलं की लॅब उभी करायला किती लागतील, मी खरं सांगितलं, अॅम्प्लिफायरच कोटींच्या घरात जातो, तर पॅनलवरच्या एकाने पेन खाली ठेवलं. मला तेव्हा वाईट वाटलं, आता वाटतं त्याचं काही चुकलं नाही. तेवढ्या पैशात साध्या ऑरगॅनिकच्या चार लॅब होतात. ह्या फील्डमधे भारतात प्रोफेसर व्हायचं असेल तर पोस्टडॉकमधेच ठरवून ठेवा की कमी पैशात सुरुवात कुठून करणार, जुना लेझर कुठला मिळेल, कोणाबरोबर वाटून घेणार. मी ह्याचा विचार केला नव्हता.

बाकीचे गेले कुठे, तर माझ्या बॅचचे आम्ही पाच, एक प्रोफेसर आहे, एक सरकारी प्रयोगशाळेत सायंटिस्ट, एक लेझर कंपनीत अॅप्लिकेशन सायंटिस्ट, म्हणजे विकलेला लेझर लावून देणारा, एकीने डेटा सायन्स धरलं आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावते, आणि पाचवा मी. मी जिथे आहे तिथे लेझरने काचेत आणि धातूत बारीक भोकं पाडतात. रेणू नाहीत, पण पल्स त्याच. मुलाखतीत मला एकही केमिस्ट्रीचा प्रश्न आला नाही, बीम तिरका जातोय तर काय कराल, हे विचारलं, आणि मी सहा वर्षं दुसरं केलंच काय होतं.

घरी अजून विचारतात की नक्की काय करतोस. वडिलांनी त्यांचं उत्तर शोधलंय, पाहुण्यांना सांगतात, "आरसे सरळ करतो."

भाचीला हे पाठवलं परवा. तिने सगळं वाचलं म्हणे, जॅमचा फॉर्म भरलाय, पायथनचा कोर्स लावलाय, आणि एकच शंका विचारली, मामा, त्या वाटीत अंगठी ठेवायची ती साखरपुड्याची असली तरी? म्हटलं हो, मंगळसूत्रसुद्धा. आणि साखरपुडा कधी ठरला ते आधी सांग.